निरंक

साल बेटावर झाडांची चौकशी करू नये.
इथे मीठ आहे, वारा आहे,
आणि विमानतळाच्या कुंपणाआड माझी पांढरी पेटी.
आत दोन तापमापी,
बाहेर पर्जन्यमापक, ज्यात बहुतेक वर्षं
एक कोळी बिनभाड्याने राहायचा.

एकतीस वर्षं रोज मी त्यात वाकून पाहिलं
आणि वहीत लिहिलं :
पाऊस, निरंक.

ते येतात ऑगस्ट अर्धा सरला की,
पूर्वेकडून, आफ्रिकेच्या अंगावरून.
सुदानच्या डोंगरांत कुठेतरी हवेला एक घडी पडते,
ती मालीवरून, सेनेगलवरून सरकत सरकत
डाकारपाशी पाण्यात पाय टाकते.
पाणी तेव्हा सत्तावीस अंश,
तान्ह्याला कोपर बुडवून बघावं, इतपत.
विषुववृत्ताला मात्र ती शिवत नाही.
तिथे पृथ्वी पीळ देत नाही,
आणि पीळ नाही तर डोळा नाही.

बाळाचे पाय म्हणे पाळण्यात दिसतात.
मी तर पाळण्यापाशीच नोकरीला होतो.
मला दिसला एक राखाडी ढग,
मंगळवारी, दुपारी सव्वातीनला.
पालमेराच्या मच्छीमारांनी होड्या वर ओढल्या, उगाच.
शेजारच्या झुल्मिरानं दोरीवरचे कपडे काढले, उगाच.
सात थेंब पडले. मोजले मी.
सात थेंबांना वहीत रकाना नसतो.

आमच्याकडे त्याला नाव नव्हतं.
बारसं झालं पलीकडे,
मायामीतल्या कुठल्याशा गार खोलीत,
आधीच छापून ठेवलेल्या यादीतून.

काही उत्तरेला वळतात, थंड पाण्यात विझतात,
त्यांच्या नावानं कोणी मेणबत्ती लावत नाही.
काही बर्म्युडाला हूल देतात.
काही क्युबा ओलांडून आखातात शिरतात,
लुइझियानाच्या दलदलीत मगरींना घरं दाखवतात,
एखादा वाट चुकल्यासारखा
थेट नोव्हा स्कोशियाच्या सफरचंदांपर्यंत.

हा डॉमिनिकाला गेला.
कॅसल ब्रूस. माझी देओलिंडा तिथे आहे.

चार दिवस फोन नाही.
पाचव्या दिवशी तिचा आवाज, बोगद्यातून आल्यासारखा :
पपा, डोंगर तपकिरी झालाय. एक पान नाही.
स्वयंपाकघरातून कधी समुद्र दिसायचा नाही.
आता दिसतो.
स्वयंपाकघर दिसत नाही.

ॲल्विन रात्रभर न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून बसला होता.
पोरगं टबात, वर गादी.
पहाटे वारा थांबला तेव्हा ते म्हणालं, आता उठू?
तो डोळा होता. उठू दिलं नाही.

मग ती म्हणाली,
तिकडनंच गेला असेल ना हा?
हो, म्हटलं. सव्वातीनला.
आणि तिनं विचारलं, लहानपणी
बकरी सुटून गेली की विचारायची त्याच सुरात :
मग तुम्ही अडवला नाहीत?

आता मी निवृत्त. वही दुसऱ्याच्या हातात.
आज पुन्हा पूर्व राखाडी.
मी घरातली सगळी भांडी अंगणात मांडली,
पातेली, बादल्या, मिठाच्या आगरातली फुटकी टोपली सुद्धा.
झुल्मिरा भिंतीवरून बघत होती.
ये रे, म्हटलं, इथे रिता हो.
आम्ही कोरडे आहोत, आम्हाला चालेल,
बुडव हवं तर.

तो वरून गेला.
पातेल्याच्या तळाशी एक ओला ठिपका,
बघता बघता वाळला.

पूर्वी हा शब्द मी सुस्कारा टाकून लिहायचो,
आमच्या नशिबाचा म्हणून.
निरंक.
म्हणजे सगळंच्या सगळं
अजून त्याच्यापाशीच आहे.

भांडी तशीच ठेवून मी फोन उचलला.
तिकडे आत्ता सकाळ असेल.
ॲल्विन नव्या छपरावर चढला असेल,
तोंडात खिळे धरून.